कारवानीनं मांजर धरलं, आणि दोष म्हणे संस्कारांचा

माळावरची
काल एक पोस्ट वाचली आणि ती रात्रभर डोक्यातून गेली नाही. पुण्यातल्या एका सोसायटीत एका कुटुंबाच्या कारवानीनं, म्हणजे त्या जातीच्या शिकारी कुत्र्यानं, पार्किंगमधलं मांजर मारलं. त्यावर लिहिणाऱ्यांचा निकाल असा : "कुत्रा कोरी पाटी असतो. जात म्हणजे नुसतं दिसणं. मालकाचे संस्कार कमी पडले. माझा शेफर्ड मांजराशेजारी झोपतो." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि शेवटच्या ओळीत कौतुकानं लिहिलंय की त्या कुटुंबानं कुत्र्याला आता पंधरा दिवस बाल्कनीत साखळीला बांधलंय, अद्दल घडावी म्हणून.

मी चाकूर तालुक्यातली. आमच्या घरी आजोबांपासून कारवानी. आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर माझ्याजवळ एक मादी आहे, साडेचार वर्षांची, खांद्याशी २६ इंच, वजन २३ किलो. सकाळी फिरताना लांबवर मांजर हललं की आधी तिचे कान उभे होतात, मग शेपूट थांबते, मग पुढचा एक पाय हवेत तसाच राहतो. तेवढ्या वेळात हाक मारली तर ती वळते. पाय जमिनीला टेकला की संपलं, मग माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही. दोन वर्षांपूर्वी पट्टा हातातून असा सरकला की तळहाताची कातडी सोलून निघाली. वण अजून आहे.

हे कुत्रं नजरेनं सावज हेरून पळत जाऊन धरण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेलं आहे. माळावर मालक पार मागं राहिलेला असायचा, हुकूम देणार कोण? जे पिल्लू मालकाकडं वळून बघत बसलं त्याचा ससा निसटला, आणि त्याची वीण कुणी पुढं वाढवली नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली ते चांगलंच झालं. पण कुत्र्याला त्याचा पत्ता नाही. त्याला साखळीत पंधरा दिवस ठेवून तुम्ही नक्की काय शिकवताय?

माझी कुत्री सोसायटीच्या आवारात कधीही मोकळी नसते. रोज पहाटे पाऊण तास लांब दोरीवर, आठवड्यातून दोनदा भिंतीचं कुंपण असलेल्या मैदानात मनसोक्त पळणं, दोरीला चिंधी बांधून तिच्यामागं धावणं. बाकीचा दिवस ती सतरंजीवर आडवी असते. एवढं जमत नसेल तर कारवानी घेऊ नका.

शेफर्डवाला
ती पोस्ट माझी आहे. एकोणीस वर्षं मोठी कुत्री पाळतोय, आधी रॉटवायलर, आता जर्मन शेफर्ड. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून फक्त ९ टक्के उलगडतो. नऊ! बाकी सगळं संगोपन, वातावरण आणि त्या त्या कुत्र्याचा स्वभाव. तुमच्या तळहातावरच्या वणापेक्षा अठरा हजार हा आकडा मोठा आहे.

आणि जातीवर बोट ठेवण्याचा परिणाम ठाऊक आहे ना? १२ मार्च २०२४ चं केंद्राचं पत्रक. २३ प्रकारची कुत्री 'हिंस्र' ठरवून त्यांच्यावर बंदी घालायला सांगितलं, त्यात रॉटवायलरही. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते रद्द केलं, पण तेवढ्या दिवसांत माझ्या ओळखीच्या दोघांनी कुत्री गावाकडं नेऊन सोडली. हे तुम्हाला हवंय का?

माळावरची
नकोय. मी बंदी मागितलेली नाही, पट्टा मागितलाय. आणि तो ९ टक्क्यांचा अभ्यास पूर्ण सांगा ना. तो मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवर आहे, आणि कुत्री बहुतेक अमेरिकेतल्या घरांतली. त्यातच म्हटलंय की सांगितलेलं ऐकण्याची तयारी आणि लांब सूर लावून रडणं यांसारख्या गोष्टींत जातीचा हात जास्त दिसतो. म्हणजे माझी हाक ऐकणं किंवा न ऐकणं नेमकं तिथंच बसतं.

तीन_मांजरं
तुम्ही दोघं आकडे मोजा. ते मांजर मी खायला घालत होते. सोनी नाव होतं, पोटात पिल्लं होती. वॉचमननं पोत्यावर ठेवून मला खाली बोलावलं. पाठ मोडलेली होती आणि अंगावर एक थेंब रक्त नव्हतं. कुत्र्याची 'मूळ वृत्ती' असेल, मग माझ्या मांजराला जगायची वृत्ती नाही का? तुम्ही लोक जातिवंत कुत्री हौसेनं आणता आणि किंमत आम्ही मोजतो.

माळावरची
ताई, वाचून पोटात गोळा आला. चूक माणसांचीच आहे, शंभर टक्के. पार्किंगमध्ये पट्टा सोडला कुणी? फक्त ती चूक 'संस्कार कमी' ही नाही. संस्कार वाढवले की पुढच्या वेळी पट्टा सोडता येईल, असं त्या पोस्टवरून त्या घराला वाटणार. मग तुमचं दुसरं मांजर जाईल. माझं भांडण एवढंच आहे.

कृष्णाकाठ
चांगली चर्चा, पण एक दुरुस्ती. तुम्ही ज्याला कारवानी म्हणता ते मुधोळ हाउंड. आमचं मूळ घर कर्नाटकातल्या जमखंडीचं, मुधोळ शेजारीच. तिथले संस्थानिक घोरपडे सरकार, त्यांनी ही जात राखली. २००५ च्या टपाल तिकिटावर मुधोळ आहे, २०१६ ला मेरठला सैन्याच्या प्रशिक्षणाला मुधोळ गेलं, पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये नाव घेतलं तेही मुधोळचंच.

उदगीरकर
आलं! हेच व्हायचं राहिलं होतं. घोरपडे सरकारांना मुजरा, पण त्यांनी कुत्री आणली कुठून? आभाळातून? लातूर, नांदेड, धाराशिव, जत, सोलापूर, सगळीकडं वस्तीवर कारवानी होती आणि आहेत. लांब केसांची ती पश्मी. तांड्यांबरोबर फिरणारी म्हणून कारवानी. केनेल क्लब ऑफ इंडिया आजही 'कारवान हाउंड' म्हणूनच नोंद करतो. तुमच्याकडं संशोधन केंद्र झालं, सरकारनं पैसा घातला, नाव झालं. आमच्या मराठवाड्यात कुणी लक्ष दिलं नाही म्हणून कुत्रं तुमचं झालं का?

कृष्णाकाठ
आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' म्हणून नोंद करतो, ते सोयीनं विसरलात. काम ज्यानं केलं नाव त्याचं. थिम्मापूरचं केंद्र उगाच नाही उभं राहिलं. तुमच्याकडं शर्यतीसाठी ग्रेहाउंडचं रक्त घालून निम्मी वीण बिघडवून टाकली आहे.

उदगीरकर
शर्यतीवाल्यांनी बिघडवली हे मान्य. मी स्वतः त्यांच्याशी तोंडं वाजवलीत, माझ्या सख्ख्या मेहुण्याशी बोलणं बंद आहे त्यावरून. पण ते तुमच्या भागात होत नाही असं छातीवर हात ठेवून सांगा. माझ्या वडिलांची कुत्री भाकरी-ताकावर तेरा वर्षं जगली, कधी दवाखाना बघितला नाही. कागद नव्हता तिच्याकडं कुठल्याच क्लबचा. ती कोण होती मग? मुधोळ?

कृष्णाकाठ
आवाज चढवू नका. माझे आजोबाही तेच कुत्रं पाळत होते आणि त्याला मुधोळच म्हणत होते. त्यांना खोटं पाडणार का?

तीन_मांजरं
इथं एक जीव गेलाय आणि तुम्ही नावावरून भांडताय.

लीड्सहून
इंग्लंडमध्ये राहतो, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड दत्तक घेतलाय. आम्ही ज्या संस्थेकडून घेतला त्यांनी देण्याआधी प्रत्येक कुत्र्याला मांजर दाखवून पाहिलं होतं. काही कुत्री मांजर बघून तोंड फिरवतात, ती मांजरवाल्या घरी देतात. आमचा तसा नव्हता. पहिले काही महिने जाळीदार मुसकं घालूनच बाहेर नेला, बागेत आजही घालतो. इथं मुसकं घातलेल्या ग्रेहाउंडकडं कुणी खुनी म्हणून बघत नाही. तेव्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे : सगळी सारखी नसतात, पण हे आधी पाहायचं असतं, मांजर मेल्यावर नाही.

डेनची आई
मला जातीबद्दल वेगळंच सांगायचंय. सगळे स्वभावावर बोलताय, शरीराचं काय? माझा ग्रेट डेन ६२ किलोचा होता. आम्ही त्याला दिवसातून एकदाच जेवण द्यायचो, रात्री नऊला, भलंमोठं पातेलं भरून. एका रात्री जेवला, लगेच मुलांबरोबर गच्चीवर दंगा केला. साडेअकराला उलटीचे उमाळे येत होते पण काहीच पडत नव्हतं, फक्त फेस. पोट बोटानं वाजवलं तर ढोलासारखं वाजत होतं. आम्ही ओवा दिला. ओवा! जठर पिळवटलं होतं, ताबडतोब शस्त्रक्रिया लागते हे पहाटे कळलं, तोवर तो गेला होता. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत हे होतं : डेन, शेफर्ड, सेंट बर्नार्ड. दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्या, जेवणाआधी-नंतर दंगा नको. पिल्लू देणाऱ्यानं आम्हाला काय दिलं? कॅल्शियमची बाटली. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम ओतलं की हाडांची वाढ बिघडते, हेही आम्हाला नंतर कळलं.

शेफर्डवाला
कॅल्शियमचं अगदी खरं. माझ्या पहिल्या रॉटवायलरचे कुल्हे असेच गेले, शिवाय घरात गुळगुळीत फरशी. पाय पसरून उभा राहायचा. ताई, वाईट वाटलं.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. शरीर जातीचं, मान्य. मन नाही.

माळावरची
शरीर आणि मन असं वेगळं कुठं काढता येतं? माझ्या कुत्रीच्या फासळ्या दिसतात म्हणून शेजारच्या आजी मला दरवाजात अडवून विचारतात, "पोरीला उपाशी ठेवतेस का गं?" अंगावर चरबी नाही, म्हणूनच ती तशी पळते, आणि म्हणूनच भूल देताना डॉक्टरांना आधी सांगावं लागतं. थायोपेंटोनसारखी औषधं या अंगाच्या कुत्र्यांत लवकर उतरत नाहीत. जे शरीर पळण्यासाठी घडलं त्याच्या डोक्यात पळणं नसेल?

तुम्हाला सरळ विचारते. तुमचा शेफर्ड मुलांच्या घोळक्यात काय करतो?

मेंढवाडा
मी धनगराचा. आमची कुत्री कुठल्या क्लबात नाहीत. लांडगा पुण्याच्या आणि सोलापूरच्या माळावर आजबी आहे, रातच्याला वाड्याभोवती फिरतो. आमचं कुत्रं झोपत न्हाई, हाक मारली तरी येत न्हाई, त्याचं ध्यान मेंढरांवर. पण सगळीच पिल्लं तशी निघत न्हाईत. एका वेतातली पाच पिल्लं असली तर दोन कामाची. आणि ती दोनबी कोकरांत वाढली तरच. एक पिल्लू चुलत्यानं गावात नेलं, घरात वाढवलं. परत आणलं तर ते कोकरांवरच भुंकाय लागलं. आईबाप तेच, पिल्लू वाया गेलं. मग सांगा, रगत का राखण? आम्हाला दोन्ही लागतं. शहरात एक धरून भांडताय.

शेफर्डवाला
हेच! 'कोकरांत वाढली तरच.' मी हेच म्हणतोय.

माळावरची
आणि 'पाचांतली दोन'? ते वाचलंच नाही का? आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

शेफर्डवाला
देतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षी भाचीच्या वाढदिवसाला बारा-तेरा मुलं अंगणात पळत होती. तो त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहिला, बाहेर पडणाऱ्याला आत ढकलत. एक मुलगा फाटकाकडं धावला तेव्हा त्याच्या टाचेला दात लावले. रक्त नाही, पण वळ उठला. त्या मुलाच्या आईनं अजून आमच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. मी तेव्हा म्हटलं, खेळत होता.

माळावरची
खेळत नव्हता. मेंढरं वळत होता. ही जात जर्मनीत मेंढपाळांच्या कुत्र्यांतूनच उभी केली, १८९९ पासून. तुम्ही त्याला हे शिकवलं होतं का?

शेफर्डवाला
नाही शिकवलं.

ठीक. पोस्टमधलं 'संस्कार कमी पडले' हे वाक्य काढतो, त्या घराला न भेटता लिहिलं ते चुकलंच. बाल्कनीच्या साखळीचं कौतुकही काढतो. पण जात बघून कुत्र्याला आधीच गुन्हेगार ठरवायला माझा विरोध होता आणि राहील. त्या पत्रकाच्या वेळचे दिवस मी विसरणार नाही.

माळावरची
त्यात आपलं भांडण नाही. आधीपासून नव्हतं.

उदगीरकर
बरं, ते कुत्रं त्या घरानं घेतलं कुठून हे कुणी विचारलं का? २०२० च्या भाषणानंतर आमच्याकडं शहरातून गाड्याच्या गाड्या आल्या. विकणाऱ्यानं "फ्लॅटमध्ये राहतंय साहेब, शांत कुत्रं" म्हणून सांगितलं असणार. शांत असतंच ते घरात. दार उघडेपर्यंत.

कृष्णाकाठ
हे मात्र आमच्याकडंही झालं. वर्षभरात परत आणून सोडलेली कुत्री मी रस्त्यावर पाहिलीत. नाव काहीही म्हणा.

तीन_मांजरं
मला कुणाचं पटलेलं नाही. सोनी परत येणार नाही. पण ते कुत्रं बाल्कनीत दिवसभर गजांतून पार्किंगकडंच बघत असतं, मी रोज बघते. ऊन येतं तिथं दुपारी. पाण्याचं भांडं कालपासून पालथं आहे. मला त्याचा राग आहे तरी ते बघवत नाही.

माळावरची
मी त्या घरी जायला तयार आहे. रविवारी सकाळी. मैदान दाखवीन, लांब दोरी माझ्याकडं जादा आहे. भांडायला नाही जाणार.

तीन_मांजरं
विंग आणि मजला निरोपात कळवते. त्यांना सांगा, फिरवायचं तर साडेपाचच्या आत. सहाला माझी मांजरं खाली उतरतात. आणि ते लीड्सवाले म्हणाले तसं जाळीचं मुसकं घेऊन या, मापाचं. पैसे मी देते.

माळावरची
पैसे नकोत. कुत्र्याच्या नाकाची लांबी मोजून कळवता आली तर बघा. कारवानीचं तोंड निमुळतं असतं, दुकानातलं शेफर्डच्या मापाचं निघून जातं.