पैसा आणि माणसं कुठे लावायची: सुगरण की फिन्स विव्हर?

गवतरान: २०२१ साली आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) फिन्स विव्हर या विणकर पक्ष्याला 'असुरक्षित'मधून उचलून 'संकटग्रस्त' यादीत टाकलं. तिची चुलतबहीण, म्हणजे आपली सुगरण, मात्र 'कमी चिंता' गटात. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८६९ मध्ये नैनीतालजवळच्या कालाढुंगीच्या पक्ष्यावरून वर्णन केलेली फिन्सची जात आज उरलीय ती तराईत (हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यात) आणि आसामकडे, तीही तुटक तुटक. गवताळ, पाणथळ रानं ऊस-भाताखाली गेली. माझ्या मते सगळा जोर आता फिन्सवरच लावायला हवा.

विहिरीकाठ: मला नाही पटत. आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात खोपे लटकायचे. विहीर बुजली, बाभूळ तुटली, खोपे गेले. 'कमी चिंता' हा शिक्का अख्ख्या आशियाचा हिशोब मांडून मारलेला, त्यात आमचा तालुका कुठे दिसणार? तराई मी पाहिलेलीही नाही. जे डोळ्यांसमोर जातंय ते आधी वाचवू द्या.

गवतरान: दादा, तुमचं दुःख खरं आहे. पण सुगरण माड, शिंदी, बाभूळ, कुठेही खोपा टांगते. झाड लावलंत तर परत येईल. फिन्सला तेवढी मुभा नाही. ती घरटं बांधते सावरीच्या शेंड्यावर किंवा लव्हाळ्यात, आणि घरट्याभोवतीची पानं स्वतःच ओरबाडून काढते. सुगरणीच्या खोप्याला असते तशी लांब नळीही नाही. कावळ्याला अंडी-पिल्लं आयती सापडतात. १९५९ मध्ये सालिम अली आणि क्रूक या पक्षी-अभ्यासकांनी कुमाऊंच्या तराईतल्या या पक्ष्यावर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जर्नलमध्ये लिहिलं. तेव्हाच जागे व्हायला हवं होतं.

उघडा_पिंजरा: एक गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटली: पारधी. विणीचा हंगाम सरला की नरांचा पिवळा रंग उतरतो आणि दोन्ही जाती चिमणीसारख्या तपकिरी दिसतात. जाळ्यात एकत्र सापडतात, बाजारात एकत्रच विकल्या जातात. मग 'सुगरणच तर आहे' म्हणून कुणी हटकतही नाही. सुगरणीची विक्री थांबवल्याशिवाय फिन्सची थांबणार कशी?

विहिरीकाठ: हे मात्र मान्य. पिंजऱ्याविरुद्ध मी तुमच्यासोबत आहे. पण 'झाड लावलंत तर परत येईल' हे इतकं सोपं नाही, गवतरान. आमच्याकडे बांधही उरले नाहीत. खोपा विणायला लांब पात्याचं गवत लागतं, ते तणनाशकाने कधीच जळालं.