ऑर्बिटला सगळीकडं ‘कक्षा’च म्हणायचं का?

लातूरचा मास्तर
बारावीच्या लेकरांना रसायनशास्त्र शिकवतो. परवा एकीला हायड्रोजनचं ऑर्बिटल काढायला लावलं. तिनं मधोमध ठिपका दिला, भोवती गोल ओढला आणि गोलावर इलेक्ट्रॉन बसवला. जशी सूर्याभोवती पृथ्वी! तिचा दोष नाही. ऑर्बिट म्हणजे कक्षा आणि ऑर्बिटल म्हणजेही कक्षाच, असं आम्हीच सांगत आलो. नील्स बोर या शास्त्रज्ञाच्या १९१३ च्या अणूच्या मॉडेलात तशा वाटा होत्या, पुढं त्या गेल्या. ऑर्बिटल ही वाट नाहीच. इलेक्ट्रॉन कुठं सापडायची शक्यता किती, याचा तो हिशेब. म्हणून तर अमेरिकी शास्त्रज्ञ मलिकन यांनी १९३२ मध्ये हा वेगळा शब्द काढला. शिवाय इंग्रजीत डोळ्याची खोबणही ऑर्बिट, आणि गणितातलं काहीतरी तेही ऑर्बिट. त्यांची अडचण आपण का ओढवून घ्यायची? कक्षा फक्त ग्रहांना आणि उपग्रहांना ठेवा.

नांदेडची गणितवाली
खोबण घ्या सर, ऑर्बिटलही घ्या. पण ‘गणितातलं काहीतरी’ म्हणू नका. ३५२४ घ्या. आकडे उतरते मांडून त्यातून चढते वजा करा: ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. पुन्हा तेच केलं की ८३५२. पुन्हा केलं की ६१७४, आणि तिथून हलत नाही. देवळालीचे गणिती कापरेकर, त्यांचा हा आकडा. ३५२४, ३०८७, ८३५२, ६१७४ ही झाली ३५२४ ची कक्षा. एकच नियम पुन्हा पुन्हा लावत गेलं की वस्तू जिथं जिथं पोचते, ती सगळी ठिकाणं. ग्रहाचं दुसरं काय असतं? फ्रेंच गणिती प्वांकारे ग्रहांच्या गतीचाच प्रश्न सोडवत होते, त्यातूनच हे गणित उभं राहिलं. तुम्ही शब्द तोडला की नातंही तुटतं.

मु. पो. परभणी
दोघंही काखेत कळसा ठेवून गावाला वळसा घालताय. (ती काखही ‘कक्ष’वरूनच आली बरं.) लॅटिनमध्ये ‘ऑर्बिटा’ म्हणजे चाकाचा माग. आपली चाकोरी! काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी गेली की दोन चर पडतात. उन्हानं वाळले की दगड होतात, मागची गाडी मुकाट त्यातूनच जाते. इतका चांगला शब्द घरात असताना कक्षा कशाला?

लातूरचा मास्तर
चाकोरी आधी पडते, मग गाडी जाते. आभाळात चर कुणी पाडलेत? उपग्रहाची वाट सरकते, मग इंजिन पेटवून त्याला जागेवर आणावं लागतं. शब्द गोड आहे, पण लेकरू नव्या गैरसमजात पडेल. आणि मॅडम, तुमच्या आकड्यांत फिरणं कुठंय? ६१७४ वर तर ते थांबूनच गेलं. थांबलेल्याला कक्षा?

नांदेडची गणितवाली
फिरणं हवंच कशाला? चौकोनी पाट घ्या, एका कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावा. पाट पाव फेरा फिरवत राहा. बोट चारही कोपऱ्यांत येऊन जातं. त्या कोपऱ्याची कक्षा चार ठिकाणांची. मधोमध लावलेलं बोट हलतच नाही, त्याची कक्षा एकट्याची. आता पाट उलटवायचीही मुभा द्या. त्याला जसाच्या तसा बसवायच्या रीती एकूण आठ. त्यातल्या दोन रीती त्या कोपऱ्याला जागेवर ठेवतात, कक्षेतली ठिकाणं चार, आणि चार दुणे आठ. मधल्याला आठही ठेवतात, एक अठ्ठे आठ. हा हिशेब कुठंही चुकत नाही. थांबलेल्याला कक्षा नाही म्हणालात तर मधलं बोट कुठं मांडू?

लातूरचा मास्तर
पाटाचं पटलं. गणिताला कक्षा घ्या. ऑर्बिटल मात्र मी ऑर्बिटलच म्हणणार. उद्या वर्गात आधी फळ्यावरचा तो गोल पुसतो, आणि खडूची भुकटी फुंकून दाखवतो: मध्ये दाट, कडेला विरळ.

मु. पो. परभणी
भुकटी दाखवा, पण पंखा बंद करून. आणि चाकोरीचं अजून मिटलेलं नाही.