मदत हवी आहे: सिरिंजचा जेसीबी 100 ग्रॅम उचलत नाही (नववी, वर्गप्रकल्प)

नववी_ब:
नमस्कार. नववीच्या वर्गात द्रवाच्या दाबावर मॉडेल चालू आहे. 48 मुलं, सहा-सहाचे 8 गट. काम असं: जमिनीवरचं 100 ग्रॅम वजन 10 सेंमी उचलायचं, बाजूला वळवायचं आणि न सांडता खाली ठेवायचं. आराखडा प्रत्येक गटाचा स्वतःचा, पण बहुतेकांचा सांगाडा सारखाच झालाय. हात खोक्याच्या पुठ्ठ्याचा, टेकूपासून बकेटपर्यंत 24 सेंमी, वजन सुमारे 40 ग्रॅम. टेकूपासून 4 सेंमीवर सिरिंज जोडली आहे. 10 मिलीच्या दोन सिरिंजा, मध्ये फिश टँकची 50 सेंमी नळी, आत साधं पाणी.

अडचणी: रिकामा हात उठतो, पण 100 ग्रॅमला अडतो. दट्ट्या दाबला की आधी काहीच होत नाही, मग हात एकदम उसळतो. जोर लावला की नळी निसटून पाणी उडतं. सिरिंज हॉट ग्लूने चिकटवली होती, ती दुसऱ्या दिवशी सुटली. दोन तासिका उरल्या आहेत. सगळं मोडून पुन्हा करायचं, की आहे त्यात दुरुस्त होईल?

मोजपट्टी:
मोडू नका. एक भोक हलवायचं आहे. सिरिंज हाताशी किती अंशांत आहे? फोटोशिवाय सांगतो, 30 च्या आसपास असणार, कारण सिरिंज हाताला जवळजवळ समांतर ठेवली की मॉडेल आटोपशीर दिसतं.

आता हिशोब. 100 ग्रॅम म्हणजे साधारण 1 न्यूटन. तो 24 सेंमीवर, म्हणजे 24. हाताचं स्वतःचं वजन 0.4 न्यूटन, मधोमध 12 सेंमीवर धरा, म्हणजे 4.8. एकूण 28.8 न्यूटन-सेंमी. सिरिंज 4 सेंमीवर आहे खरी, पण 30 अंशांत तिचं टेकूपासूनचं लंबांतर उरतं 2 सेंमी. म्हणजे सिरिंजला 14.4 न्यूटन लावावे लागतात. जवळजवळ दीड किलो! हे 100 ग्रॅमसाठी.

जोडाचं भोक 6 सेंमीवर न्या आणि सिरिंजचा खालचा टेकू असा सरकवा की हात आडवा असताना कोन 60 अंश होईल. लंबांतर 5.2 सेंमी, बल साडेपाच न्यूटन. किंमत मोजावी लागते ती हालचालीत: हात पूर्वीइतका उंच जाणार नाही. पण दट्ट्या 5 सेंमी सरकला तरी बकेट साधारण 20 सेंमी फिरते. तुमचं लक्ष्य 10 सेंमीच आहे, तेव्हा पुरून उरतं. बल आणि अंतर यांची ही देवाणघेवाण मुलांनी स्वतः भोकं बदलून पाहायला हवी, या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं तेच आहे. हाताला 3, 4, 5, 6, 7 सेंमीवर भोकं पाडून ठेवा.

सिरिंजचं क्षेत्रफळ नेटवर शोधू नका. 0 पासून 10 मिलीच्या खुणेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. ते 5.6 सेंमी आलं, तर 10 घन सेंमी भागिले 5.6, म्हणजे सुमारे 1.8 चौरस सेंमी. कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून प्रत्येक गटाने आपलीच मोजावी.

पाना_पकड:
वरचा हिशोब बरोबर. "आधी काही नाही, मग उसळी" हे मात्र दोन गोष्टींमुळे होतं: आत अडकलेली हवा आणि चिकटणारं रबर.

हवेचं गणित बघा. 14.4 न्यूटन 1.8 चौरस सेंमीवर, म्हणजे दर चौरस सेंमीला 8 न्यूटन. हे वातावरणाच्या दाबाच्या पाऊणपटीपेक्षा थोडं जास्तच. एवढ्या दाबाखाली अर्धा मिलीचा बुडबुडा 0.28 मिलीवर येतो. दट्ट्याचं सव्वा मिलीमीटर तिथेच गेलं, आणि तुमच्या सध्याच्या मांडणीत बकेटपाशी ते दीड सेंमी होतं. हात हलायच्या आधी बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो, रबर सुटलं की ताण एकदम मोकळा होतो.

पाणी भरताना एक सिरिंज पूर्ण भरा, टोक वर करून टिचक्या मारा, हवा बाहेर काढा. मग नळी लावा आणि सावकाश दाबून नळीच्या दुसऱ्या टोकाशी थेंब येऊ द्या. आता पहिली सिरिंज पुन्हा पूर्ण भरलेली हवी, नाहीतर पल्ला कमी पडेल. नळीचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवूनच दट्ट्या मागे घ्या. दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या तळाला टेकवून, तिच्या टोकात थेंब ठेवून, वाटीतच जोडा. पाण्यात खाण्याचा रंग टाकला की बुडबुडे लगेच दिसतात.

नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, सिरिंजच्या टोकावर 8 मिमी सरकवा, वर बारीक केबल टाय आवळा. इन्स्टंट ग्लू लावू नका, नंतर हवा काढायला जोड उघडत नाही.

रबराला खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका. रबर फुगतं आणि काही दिवसांत दट्ट्या जाम होतो. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग पाणी भरा.

हॉट ग्लूबद्दल: सिरिंजच्या प्लास्टिकला जवळपास काहीच धरत नाही. आणि चिकटवणं मुळातच चूक आहे. हात वर जाताना सिरिंजचा कोन बदलतो. ती घट्ट बसवली की दट्ट्या वाकडा दाबला जातो, रबर एका बाजूने घासतं आणि गळतं. दोन्ही टोकं फिरती हवीत. सिरिंजच्या कडेला दोन आइस्क्रीमच्या काड्या केबल टायने बांधा, काड्यांना भोक पाडून त्यातून बांबूची सीक घाला. दट्ट्याच्या चकतीला भोक पाडून तशीच सीक. सीक सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे.

नववी_ब:
कोन मोजला, पाच गटांचा 25 ते 35 अंशांतच निघाला. दोन शंका. काही गटांनी दट्ट्या ओढून वजन उचलायची रचना केली आहे, ती चालेल का? आणि पुठ्ठ्याची भोकं दोन-तीन चाचण्यांत लांबट होतात.

पाना_पकड:
ओढून उचलू नका. ढकलताना दाब हवा तितका वाढवता येतो. ओढताना मात्र वातावरणाचा दाब ही कमाल मर्यादा आहे, दर चौरस सेंमीला सुमारे 10 न्यूटन, म्हणजे तुमच्या सिरिंजला हिशोबाने 18. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी रबराच्या कडेने हवा आत शिरते आणि बुडबुडे फुगतात. ढकलताना रबर चेपून भिंतीला आणखी घट्ट बसतं, ओढताना उलट होतं. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, तेव्हाही दाबाखाली गळू न देणारं सील हाच खरा कठीण भाग होता. वजन ढकलून उचला, परत खाली आणायला ओढा.

भोकांसाठी टेट्रापॅकची बारीक स्ट्रॉ सेंमीभर कापून आत बसवा आणि दोन्ही बाजूंनी आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा फेविकॉलने चिकटवा. पुठ्ठ्याच्या पन्हळी हाताच्या लांबीत धावत आहेत ना, तेही बघा. आडव्या असतील तर हात मधेच मुडपतो, मग दुसरा थर उभ्या पन्हळींचा चिकटवावा लागेल.

खडू_डस्टर:
मॅडम, चाचणीसाठी वजनं शोधत बसू नका. बकेटमध्ये छोटा प्लास्टिकचा पेला बसवा आणि सुट्या सिरिंजने 10-10 मिली पाणी घाला. दर वेळी 10 ग्रॅम वाढले. प्रत्येक गटाने तीनदा चाचणी घ्यावी आणि हात कितव्या मिलीला अडला ते लिहावं. दोन चाचण्यांमध्ये एकच बदल: भोक, कोन किंवा ग्लिसरीन. दोन बदल एकदम केले की कशाचा फायदा झाला ते कळत नाही. गुण देताना किती उचललं यापेक्षा अंदाज, मोजमाप आणि फरकाचं कारण यांना जास्त वाटा द्या. 70 ग्रॅमला अडलेल्या गटाने कारण नेमकं शोधलं असेल, तर त्याचं काम पूर्ण झालं असं मी मानेन.

सिरिंजा नव्याच घ्या. सुया वर्गात येण्याआधी काढून, मोजून, बाजूला. दवाखान्यातली वापरलेली सिरिंज किंवा सलाईनची नळी कितीही धुतली तरी नको.

नववी_ब:
आज एका गटाने भोक 6 सेंमीवर नेलं, कोन 58 अंश, पाणी नव्याने भरलं. 130 मिलीपर्यंत उचललं, मग मॉडेलखालचा पाटच उलटायला लागला. पाटावर अर्धी वीट ठेवू?

मोजपट्टी:
ठेवा, पण हाताच्या विरुद्ध बाजूला, पाटाच्या अगदी कडेला. मध्यावर ठेवली तर तितका उपयोग नाही. किती अंतरावर किती वजन लागेल, हे त्याच गटाला आधी काढू द्या. हिशोब हाताचाच आहे, फक्त टेकू आता पाटाची पुढची कड.

पाना_पकड:
आणि प्रदर्शनापर्यंत मॉडेल ठेवायचं असेल तर पाणी काढून, दट्ट्या बाहेर काढून वेगळे ठेवा. आठवडाभर एकाच जागी दाबून राहिलेलं रबर तिथेच चिकटतं, मग पहिल्या धक्क्याला पुन्हा तीच उसळी.