जुने युद्धपट म्हणजे तीन तासांची डुलकी? – चर्चा

धरमपेठी:
परवा इथंच एकानं लिहिलं, "जुने युद्धपट म्हणजे तीन तासांची डुलकी. आता तंत्र कुठल्या कुठं गेलं, ते बघून मिळतं काय?" खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

अहो, तंत्रच सगळ्यात आधी शिळं होतं. संगणकावरचे स्फोट दहा वर्षांत केविलवाणे दिसायला लागतात. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) चा शेवट बघा. रात्रीतून नदीचं पाणी उतरलंय आणि सुरुंगाची तार उघडी पडलीय. ती दिसते कोणाला? दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून शत्रूसाठी पूल बांधणाऱ्या इंग्रज कर्नलला. तो ती तार ओढत ओढत पूल उडवायला आलेल्या आपल्याच माणसापर्यंत जातो, कारण पूल 'त्याचा' आहे! पहिल्या महायुद्धावरच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त हल्ला फसल्यावर फ्रेंच सेनापती आपल्याच तीन जवानांना भित्रे ठरवून गोळ्या घालायला लावतात. फ्रान्समध्ये तो सिनेमा १९७५ पर्यंत लागलाच नाही. आणि आपला 'हकीकत'! १९६२ ला चीनकडून हरलो, १९६४ ला माघारीवर सिनेमा पडद्यावर. जिंकलेल्या लढाईवर कोणीही काढतं. आपल्या बाजूला प्रश्न विचारणारा सिनेमा टिकतो, एवढंच म्हणणं आहे.

कामठीचा फौजी:
राजेहो, मी 'बॉर्डर' पाहून भरती झालो. बाबा किराणा दुकानात बसवत होते, मी टॉकीजमधून निघालो तो डोक्यात वर्दी घेऊनच. तुमचा काळा-पांढरा फ्रेंच पिच्चर पाहून कोण भरती होते, मले सांगा? खुर्चीत बसून प्रश्न विचारणं सोपं असते. अन् गार्ड्सचं, म्हणजे लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं, सेंटर इथं कामठीत हाय. १४ गार्ड्सचे अल्बर्ट एक्का, १९७१, गंगासागर, परमवीर चक्र. इथल्या किती जणाले हे नाव ठाऊक हाय? त्याच्यावर धागा काढा ना कोणी!

वायुसेनानगर निवृत्त:
'बॉर्डर'चं नाव निघालंच आहे तर बोलतो. विमानं त्यात जेवणं आटोपल्यावर आलेल्या पाहुण्यांसारखी येतात. १९७१ ला राजस्थानात लोंगेवालाला पाकिस्तानचे टँक मोडले ते जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांनी. पण पोस्टरवर विमान कधी मोठं छापलं नाही. आणि विमान दाखवलं तरी वैमानिकच. आम्ही आयुष्यभर इंजिनाखाली हात काळे केले, आमच्यावर कॅमेरा कधी आलाच नाही.

कामठीचा फौजी:
काका, अन् रात्रभर कोण उभं होतं? तुमच्या हंटरले अंधारात लढता येत नव्हतं. मेजर चांदपुरी अन् शंभर-सव्वाशे जवान, जोडीले टँक फोडायची रिकॉइललेस गन, समोर टँकच टँक. साधी काटेरी तार पाहून त्याईले वाटलं सुरुंग पेरले, तिथंच अडकले. हे इन्फंट्रीचं डोकं हाय, विमानाचं नाही.

वायुसेनानगर निवृत्त:
सकाळी विमान आलं नसतं तर दुपारी तुमचं डोकं कोणाला दाखवलं असतं?

धरमपेठी:
विषय लोंगेवाला नाही हो! पण काढलाच आहे तर ऐका. 'बॉर्डर'मध्ये सीमा सुरक्षा दलाचा भैरोसिंह लढता लढता मरतो. खरे भैरोसिंह राठोड २०२२ पर्यंत हयात होते, त्यांना सेना मेडल मिळालं होतं. जिवंत माणसाचा पराक्रम कमी पडला म्हणून त्याला पडद्यावर मारायचं? माझा राग आहे तो ह्याच्यावर.

प्रतापनगरची सुनंदा:
आणि तुमच्या क्वायवर राग नाही? तो पूल ज्या रेल्वेसाठी होता, त्या जपान्यांनी बांधून घेतलेल्या सयाम-बर्मा रेल्वेवर बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले आणि सुमारे नव्वद हजार आशियाई मजूर. त्यात मलायातले तमिळ कितीतरी. सिनेमाभर मात्र दोन साहेबांचा अहंकार. माझ्या आजीचे भाऊ १९४२ ला रंगूनहून पायी निघालेल्यांतले. घरी पोचले तेव्हा आईनं दारात ओळखलं नाही, भिकारी समजून पोळी पुढे केली. अशी माणसं तुमच्या 'विचारी' सिनेमात दिसत नाहीत. जुनं म्हणजे शहाणं, हे कोणी ठरवलं?

धरमपेठी:
मजूर दिसत नाहीत, खरं आहे. झोंबलं. पण बाई, साहेबाचा अहंकार हा दोष नाही, तोच तर विषय आहे. तुमच्या मामाआजोबांवर सिनेमा निघाला तर पहिलं तिकीट माझं.

प्रतापनगरची सुनंदा:
तिकिटाची दानत दाखवून मुद्दा मिटत नाही.

डुलकीवाला:
तो मीच. एवढा मारा झाला म्हणून काल रात्री 'पाथ्स ऑफ ग्लोरी' लावला. तीन तास कुठले, ८८ मिनिटांत संपला, तेवढे गुण द्या. खंदकातली पळापळ ठीकठाक. शेवटी पकडून आणलेली जर्मन पोरगी गाते, शिट्ट्या मारणारे शिपाई गप्प होतात आणि मग तिच्याबरोबर गुणगुणतात, तिथं फोन खाली ठेवला. झोप आली नाही, कारण त्या जनरलचा संताप आला होता. पण म्हणून 'हकीकत'ही बघेन असं समजू नका. आणि मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला तिकिटापेक्षा जास्त पैसे घेतात, त्यावर कोणी का लिहीत नाही?

धरमपेठी:
आला ना संताप? बस.

वायुसेनानगर निवृत्त:
हंटर रात्री लढत नव्हतं, मान्य. पण पहाटे उडालं ते रात्रभर जागून कोणी तयार केलं, हे फौजीभाऊंनी एकदा लिहावं.

कामठीचा फौजी:
लिवतो ना काका. आधी तुमी त्या तारेचं माना.