मांस भाजायला वायरलेस थर्मामीटर: कुठला घेतलात, कसा निघाला?

मंडळी, थँक्सगिव्हिंग आणि नाताळ जवळ आले की 'वायरलेस थर्मामीटर कुठला घेऊ?' ही विचारणा सुरू होते. खोक्यावरचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते इथे नकोत. तुमची चूल कुठली, तिच्यावर काय भाजता आणि घेतलेली वस्तू रोजच्या वापरात कशी टिकली, ते लिहा. श्रीगणेशा मीच करते.

न्यू जर्सी

कोळशाची गोल, झाकणाची भट्टी (केटल), तिच्यावर कोंबडी आणि वर्षातून एकदा टर्की. माझा थर्मामीटर म्हणायला वायरलेस. मांसात खुपसलेल्या सळईपासून (हाच प्रोब) पोलादी विणीची वायर झाकणाबाहेरच्या डबीपर्यंत येते आणि तिथून पुढे रेडिओ. रिसीव्हर वेगळा, एप्रनच्या खिशात राहतो. फोन नको, अ‍ॅप नको, लॉगिन नको, म्हणून तर घेतला.

दोन प्रोबचाच घ्या. एक मांसात, दुसरा क्लिपने जाळीवर. झाकणावरचा काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, मांस असतं खाली, आणि दोन्हींत सहज २०-२५ अंशांची तफावत निघते. टर्कीला सळई छातीच्या सगळ्यात जाड भागात जाते, हाडाला न टेकता. अमेरिकी कृषी खात्याचा आकडा कुठल्याही कोंबडीवर्गीय पक्ष्याला ७४ अंश सेल्सिअस. मी ७१ला उतरवते आणि वर फॉइल टाकते, कारण बाहेरच्या थरातली उष्णता मध्याकडे सरकत राहते. प्रोब मात्र आतच ठेवते, ७४ दिसल्याशिवाय सुरी लावत नाही.

नाजूक जागा एकच, सळई आणि वायर यांचा जोड. नळाखाली धरला, पाणी शिरलं, की आकडे वेडेवाकडे येतात. ओल्या फडक्याने पुसायचा. दुकानात 'सुटा प्रोब मिळतो का?' हे आधी विचारा, बाकीचं नंतर.

ह्यूस्टन

ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा तुकडा, करणाऱ्यांचं गणित वेगळं. पाच-सहा किलोचा तुकडा, ११०-१२० अंशांचा धूर, रात्रभर. आकडा सुरुवातीला भराभर चढतो आणि ६५-७५च्या दरम्यान कुठेतरी थिजतो, तो तासन्‌तास हलत नाही. थर्मामीटर बिघडला म्हणून दोन मित्रांनी मला मध्यरात्री फोन केलेत! बिघडलेलं काही नसतं. पृष्ठभागावरच्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता खेचून घेते, घामाने अंग गार पडावं तसं. इकडे त्याला 'स्टॉल' म्हणतात. घाई असेल तर बुचर पेपरमध्ये गुंडाळायचं, नसेल तर गप्प बसायचं. निखारे वाढवायचे नाहीत. पुढे ९५च्या आसपास, मांसातल्या चिवट कोलॅजनचं मऊ जिलेटिन झालं की काम झालं. तिथेही आकडा म्हणजे फक्त 'आता येऊन बघा' एवढीच सूचना. सळई चारी बाजूंनी विनाअडथळा आत गेली पाहिजे.

या कामाला मला दोन गोष्टी लागतात. एक, भट्टीचं तापमान पडलं तर वाजणारा अलार्म. मांसाचा अलार्म सगळेच देतात, खालच्या मर्यादेचा सगळे देत नाहीत, आणि पहाटे तीनला विझणारी भट्टी हाच खरा शत्रू. दुसरी, झोप. बॅटरी वाचवायच्या नादात फोन अ‍ॅप परस्पर बंद करतो आणि अलार्म वाजतच नाही, म्हणून उशाशी रेडिओचा रिसीव्हर. कम्बश्चन कंपनीच्या बिनवायरी प्रोबमध्ये आठ सेन्सर असतात, त्यातला सगळ्यात थंड तो गाभा धरतात. सळई मध्यापासून जरा हुकली तरी निभावतं. शेजाऱ्याकडे आहे, चांगला आहे, पण रात्रपाळीला माझा भरवसा रिसीव्हरवरच.

ठाणे

वरचं वाचून कुणी घाईने मागवू नका. आपल्याकडची चूल वेगळी, कोंबडी वेगळी आणि मटण तर वेगळंच.

माझ्याकडे 'मीटर' (MEATER) कंपनीचा थर्मामीटर आहे, लाकडी ठोकळ्यात चार्ज होणारा, भावाने येताना आणलेला. अजिबात वायर नाही, कारण बॅटरी आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स सळईतच. म्हणूनच तिच्यावरच्या खुणेपर्यंत, म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर, ती मांसात गेलीच पाहिजे. पुढचं टोक १०० अंशांपर्यंतच सोसतं, मांसातला ओलावा त्याला सांभाळतो. मागचं टोक २७५पर्यंत. आता आपली किलो-सव्वा किलोची कोंबडी घ्या. छातीत वरून सरळ खुपसली तर खूण बाहेर. मानेकडून, छातीच्या हाडाला समांतर, आडवी घालावी लागते. टिक्क्यांना तर विसराच. तंदूरच्या धगीला हे खेळणं नाही, आणि ओटीजीत मागचं टोक वरच्या रॉडच्या जवळ जाणार नाही अशा बेताने ट्रे खाली लावायचा. तेच टोक आजूबाजूचं तापमानही मोजतं, पण ते गार मांसाला चिकटून असतं, त्यामुळे सुरुवातीला ओव्हनपेक्षा कमी दाखवतं. ओव्हन खराब नाही.

आता रानेचं, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या तंगडीचं, ऐका. अ‍ॅपमध्ये 'लॅम्ब' निवडलं की ते ५७-६३ला बास म्हणून मोकळं होतं. तो आकडा कोवळ्या मेंढीचा, गुलाबी काप आवडणाऱ्यांचा. आपण आणतो बोकडाची तंगडी. ६३ला ती खायला सुरक्षित असेल, पण चावताना दात दुखतील. मी दही-पपईत मुरवते, फॉइलने घट्ट झाकते आणि ९०पर्यंत नेते, मग हाड हाताने सुटतं. तेव्हा हवा तो आकडा आपला आपण घालता येतो का, हे घेण्याआधी बघा.

सासूबाई अजून सुरी खुपसून रस बघतात. हाडाजवळ गुलाबी दिसलं की 'कच्चं आहे गं' म्हणून परत आत ढकलतात. वयाने लहान ब्रॉयलरच्या हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, ७४ झाले असले तरी. सांगून झालं. त्यांची तंगडी वेगळी भाजते.

श्टुटगार्ट

सिरॅमिकची जाड भट्टी, पोलादी झाकण. 'पन्नास मीटर रेंज' हे उघड्या मैदानावरचं. ब्लूटूथ धातूतून आणि भिंतीतून नीट येत नाही, स्वयंपाकघरात पोचेपर्यंत संपतं. उपाय साधा: चार्जिंगचा ठोकळा भट्टीशेजारी, तो पुढे सिग्नल पाठवतो. तुमच्या मॉडेलला ही सोय नसेल तर जुना फोन बाहेर ठेवा. वायफायवाला घेणार असाल तर कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी तो चालतो का, हे विचारून घ्या.

मडगाव

आमच्याकडे नाताळात डुकराचं रोस्ट. अमेरिकी कृषी खात्याने २०११मध्ये अखंड तुकड्याचा आकडा ७१वरून ६३वर आणला, वर तीन मिनिटं विश्रांती. खिमा केलेल्याला ७१ तसाच. मी ६८ला काढतो. घरातल्या थोरांना गुलाबी डुक्कर चालत नाही आणि मला कोरडं, ६८वर दोघांचंही भागतं.

रोहा

पोपटीत प्रोब घालून पाहावा असं कुणाच्या डोक्यात असेल तर थांबा. उलटं मडकं, आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, आणि चहूबाजूंनी जाळ. वायर जळते, बिनवायरीचा जीव जातो. मडक्यावर पाणी शिंपडा, चर्र होऊन उडालं की झाली.

पुणे

उकळत्या पाण्यात माझा प्रोब ९८ दाखवतो. परत पाठवू का?

न्यू जर्सी

नका पाठवू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे पाणी ९८च्या आसपासच उकळतं. बर्फाने बघा. पेला बर्फाच्या चुऱ्याने गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, सळई मधोमध धरा, तळाला टेकवू नका. शून्याच्या अर्ध्या अंशात आला तर उत्तम, दोन अंश चुकला तर पाठवा. वायरवाला असेल तर जोड मात्र पाण्याच्या वर ठेवा.