लॉटरी लागल्याचा ईमेल : तुमच्या घरात काय झालं?

नोव्हेंबरात बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी कागद शोधत होते. जुन्या पासबुकात घडी घातलेल्या दोन स्लिपा सापडल्या. २००९ सालच्या, दिल्लीतल्या कुणाच्या तरी बचत खात्यात रोख भरल्याच्या. एक १८,७०० ची, दुसरी ४२,००० ची. मी विचारलं तर बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तेव्हा मला लॉटरी लागली होती."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. घरी नेट नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत बसून ईमेल बघायचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीच्या नावाने पत्र आलं होतं : जगभरातल्या ईमेल पत्त्यांची संगणकावर सोडत काढली, त्यात तुमचा पत्ता निघाला, ५ लाख पौंड मिळाले. त्यावेळच्या भावाने साडेतीन कोटींच्या वर. पत्रात बॅच नंबर, संदर्भ क्रमांक, शिक्का, सही, सगळं होतं. रक्कम सोडवायला आधी फी भरायला सांगितली होती. आणि एक ओळ ठळक अक्षरात होती : रक्कम हाती येईपर्यंत ही बातमी कुणालाही सांगू नका, कोणी दुसराच दावा करेल.

माझ्या मते त्या पत्रातली सगळ्यात विषारी ओळ ती होती. आई स्वयंपाकघरात होती, मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत होते. आमच्यापैकी कोणालाही विचारलं असतं तर ४२,००० वाचले असते. नंतर लाजेने ते सोळा वर्षं गप्प राहिले. बाबांच्या परवानगीने हे लिहिते आहे. तुमच्या घरात असं काही घडलं असेल, पैसे गेले असोत वा वाचलेले असोत, तर इथे लिहा. नावं नकोत, फक्त गावं लिहा.

सांगली

मी बँकेत कॅशियर होतो, नंतर अधिकारी म्हणून निवृत्त झालो. त्या काळात असे ग्राहक महिन्याला एखाददुसरा तरी काउंटरवर यायचा. परदेशी लॉटरीसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला फेमाच्या (परकीय चलनाच्या व्यवहारांचा कायदा) नियमांनी २००० सालापासूनच मनाई आहे. म्हणून हे लोक पैसे परदेशात मागवतच नाहीत. भारतातल्याच कुणाच्या तरी खात्यात भरायला सांगतात. ते खातं एखाद्या विद्यार्थ्याचं किंवा मजुराचं असतं, भाड्याने घेतलेलं. रक्कम पडली की तासाभरात एटीएममधून बाहेर. मे २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने आम्हा सगळ्या बँकांना याबद्दल परिपत्रक काढून सावध केलं होतं.

"तुम्ही तिकीट कधी काढलंत?" असं मी विचारायचो. त्याचा उपयोग व्हायचा नाही, कारण उत्तर त्यांना पढवलेलं असायचं : तिकीट लागत नाही, ईमेलची सोडत असते. एकदा एका शिक्षकांना म्हटलं, "सर, आज पैसे भरू नका. त्यांना एवढंच लिहा की फी बक्षिसातूनच कापून घ्या आणि उरलेले पाठवा." दोन दिवसांनी सर छापील उत्तर घेऊन आले. रकमेचा विमा उतरवला आहे, त्यातून एक पैसाही कापता येत नाही, फी आधीच भरावी लागेल, असं त्यात होतं. सरांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "साडेतीन कोटी देणाऱ्याला माझे अठरा हजार कशाला हवेत?" ते त्यांचं त्यांना कळलं, म्हणून टिकलं. मी ओरडून सांगितलं असतं तर ते दुसऱ्या शाखेत गेले असते.

नाशिक

माझ्याकडे आलेला ईमेल अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीचा होता. ही लॉटरी खरोखर आहे, म्हणूनच फसायला होतं. झेंडा, गरुडाचं चिन्ह, माझं पूर्ण नाव, सगळं बरोबर. व्हिसा शुल्क म्हणून ८८० डॉलर मागितले होते. मी अर्ज केला नव्हता, पण एका एजंटकडे कधीतरी बायोडेटा दिला होता, वाटलं त्यानेच भरला असेल.

कॉलेजातल्या एका सीनियरने दोन गोष्टी सांगितल्या. ज्या देशांतून अमेरिकेत आधीच मोठ्या संख्येने लोक स्थलांतरित होतात, त्या देशांत जन्मलेल्यांना ही सोडत खुली नसते आणि भारत त्या यादीत आहे. (जोडीदाराचा जन्म पात्र देशातला असेल तर गोष्ट वेगळी.) दुसरं, निवड झाल्याचं तिथलं परराष्ट्र खातं ईमेलने कळवत नाही. अर्जदाराने स्वतः सरकारी संकेतस्थळावर जाऊन आपला क्रमांक टाकून बघायचं असतं. माझ्याकडे क्रमांकच नव्हता. पैसे वाचले, पण पासपोर्टची प्रत आधीच पाठवून बसलो होतो. तिचं कुठे काय होईल याची धास्ती अजून जात नाही.

मडगाव

आमचे पप्पा तारवटी होते, तीस वर्षं बोटीवर. परदेशातल्या कंपनीचा इंग्रजी ईमेल येणं आमच्या घरात नवलाचं नव्हतं, आणि तीच वाट त्या माणसांना सापडली. बक्षिसाची रोकड पेटीत घालून एक राजनैतिक अधिकारी भारतात आला आहे, दिल्ली विमानतळावर कस्टमने अडवला आहे, असा फोन. आधी कस्टम ड्युटी, मग पैसा दहशतवादाशी संबंधित नसल्याचं प्रमाणपत्र, मग पेटी ठेवल्याचं भाडं. प्रत्येक वेळी "हे शेवटचं". एकूण १ लाख ३५ हजार गेले. कस्टम ड्युटी सरकारी चलनाने भरतात, कुणा बाईच्या बचत खात्यात नाही, हे तीस वर्षं बंदरं बघितलेल्या पप्पांना माहीत होतं. तरीही भरले, कारण आधीचे भरलेले बुडतील ही भीती होती. आम्ही त्यांना लोभी म्हणालो होतो. तो शब्द मला परत घ्यायचा आहे.

सातारा

हे वाचून हात थरथरतायत. माझी आत्या एकटी राहते. तिला एका शीतपेय कंपनीच्या वर्धापनदिनाच्या सोडतीत १ कोटी २० लाख लागल्याचा ईमेल आलाय. तिने दोनदा मिळून ३७,००० भरलेत आणि आज सकाळी आणखी २४,०००. आत्ताच मला फोन करून उद्यासाठी ५०,००० उसने मागितले. काय करू?

सांगली

दादा, वाचता वाचताच १९३० ला फोन लावा. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. आत्याबाईंचा खाते क्रमांक, सकाळच्या व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ हाताशी ठेवा. सकाळचे २४,००० पुढच्या खात्यात अजून असतील तर त्यावर होल्ड लागू शकतो, इथे एकेक तास मोलाचा आहे. मग त्यांच्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज, आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. ईमेल, चॅट, स्क्रीनशॉट काही पुसू नका. आत्याबाईंना आत्ता रागावू नका, त्यांच्याकडूनच सगळी माहिती मिळणार आहे.

नागपूर

आमच्याकडे ईमेल नाही, व्हॉट्सॲपवर आवाज आला होता. केबीसीच्या नावाने २५ लाख, नंबर +९२ ने सुरू होणारा. तो पाकिस्तानचा कोड आहे, हे आईला कसं माहीत असणार? ती अंगणवाडी सेविका, तिचं मानधन चार महिने थकलं होतं. तिने जीएसटीचे म्हणून १२,२०० भरले. मी सीएकडे काम करतो, म्हणून सांगतो : आपल्याकडे लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के कर असतो, पण १०,००० वरच्या रोख बक्षिसातून तो देणाराच आधी कापतो आणि उरलेले देतो. असं रोख बक्षीस मिळावं म्हणून जिंकणाऱ्याने तो आधी भरायचा नसतो. गाडीसारखी वस्तू लागली तर मात्र ती ताब्यात देण्याआधी कर भरला जाणं कायद्याने लागतं. फसवणारे हीच बारीक फट वापरतात, म्हणून आता रोकड सोडून गाडीचे ईमेल येतात.

न्यू जर्सी

इथली रीत वेगळी आहे. बक्षिसाचा खराखुरा दिसणारा चेकच पोस्टाने येतो आणि "कर म्हणून यातले ३,००० डॉलर आम्हाला परत पाठवा" असं सांगतात. माझ्या मावसबहिणीने चेक भरला, दोन दिवसांत रक्कम खात्यात दिसली, तिने गिफ्ट कार्डं घेऊन त्यांचे आकडे फोनवर वाचून दाखवले. तीन आठवड्यांनी चेक खोटा म्हणून परत आला आणि बँकेने सगळी रक्कम तिच्याकडून वसूल केली. खात्यात रक्कम दिसणं आणि चेक वटणं या दोन गोष्टी आहेत, हे इथे नव्याने आलेल्या आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

छत्रपती संभाजीनगर

मी संगणक शिकवते. वर्गात मी एकच सवय लावते : पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून मागचा खरा पत्ता उघडायचा. नाव "रिझर्व्ह बँक", पत्ता मात्र फुकटच्या जीमेलचा. उत्तर द्यायला गेलं की तिसराच पत्ता येतो. मोबाइलवर नुसतं नाव दिसतं, म्हणून जास्त लोक फसतात. बँकांसाठी आता "डॉट बँक डॉट इन" असा वेगळा शेवट ठरला आहे, तोही बघायला शिकवते.

मुलं विचारतात, इंग्रजी इतकं वाईट असतं, तरी फसतात कसे? मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मक हर्ली यांनी २०१२ मध्ये याचं उत्तर मांडलं होतं. ईमेल लाखोंना पाठवणं स्वस्त, पण उत्तर देणाऱ्या प्रत्येकाशी बोलत बसणं महाग. म्हणून मजकूर मुद्दामच असा ठेवतात की संशय घेणारे पहिल्याच ओळीत गळून जावेत आणि शेवटपर्यंत विश्वास ठेवणारेच उरावेत. तेव्हा "इतकं उघड होतं, तरी कळलं नाही?" असं फसलेल्याला कृपा करून विचारू नका.

सातारा

काल लिहायला जमलं नाही. १९३० ला तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. २४,००० पैकी १९,४०० पुढच्या एका खात्यात अडकवले आहेत. परत मिळायला वेळ लागेल म्हणाले. आधीचे ३७,००० निघून गेलेत. आज दुपारी आत्याला नवा फोन आला, "आम्ही सायबर विभागातून बोलतो, ५,००० फी भरा, सगळे पैसे मिळवून देतो." मी शेजारीच होतो, नाहीतर तिने भरले असते.

पुणे (धागाकर्ती)

तसा फोन येणारच. बाबांनाही २०१० मध्ये "लॉटरी फसवणुकीतल्या पीडितांना नुकसानभरपाई" असा ईमेल आला होता. फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. आत्यांचा नंबर काही दिवस तुमच्याकडे वळवून ठेवा. त्या कशा आहेत?

सातारा

जेवत नाहीये. कुणाशी बोलत नाही. तुम्ही लिहिलेलं बाबांचं तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "ते पाटबंधारे खात्यातले आहेत ना, त्यांच्याशी बोलता येईल का?"

पुणे (धागाकर्ती)

बाबांना विचारलं, लगेच हो म्हणाले. नंबर तुम्हाला खासगीत पाठवला आहे. दुपारी दोन ते चार झोपतात, त्यानंतर कधीही चालेल. त्यांना कमी ऐकू येतं, आत्यांना जरा मोठ्याने बोलायला सांगा.