बातमी बालवाडीतून फुटली

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी तीनच विषय चालतात: पाणी, पार्किंग आणि लिफ्टमध्ये पिचकारी कोणी मारली. शनिवारी रात्री मात्र वेगळंच झालं, म्हणून उतरवून ठेवतेय. मोठ्यांची नावं गाळलीत, पोरांची बदललीत. फ्लॅट नंबर लपवून काही उपयोग नाही, एकाला तर खोकल्यावरूनच सगळे ओळखतील.

चेअरमन काका (ए-३०२): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या रविवारी पहाटे पाणी येणार आहे. त्यानंतर थेट गुरुवारी. गाड्या धुवू नयेत. टाकी भरताच मोटर बंद करावी. आदेशावरून.

ओवीची आई (बी-२०४): काका, हा निरोप ओवीला पाठ झालाय. तुम्ही आवाजातही टाकता ना, तो आमच्याकडे आजी स्पीकरवर ऐकतात. काल शाळेत बाईंनी विचारलं, आज प्रार्थना कोण सांगणार? ही उठली, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की..."

श्लोकची आई (सी-३०१): पूर्ण म्हटलं?

ओवीची आई: "आदेशावरून"पर्यंत. आणि प्रार्थना म्हटल्यावर मागून म्हणायचं असतं, एवढं पोरांना माहीत. सगळा वर्ग डोळे मिटून "गाड्या धुवू नयेत".

चेअरमन काका: उच्चार स्पष्ट होते का?

ओवीची आई: एकदम.

चेअरमन काका: छान. निदान मुलं तरी सूचना मनावर घेतात.

(यावर हसण्याचे चेहरे टाकायला लोक घाबरले. मग आप्पांनी टाकला, आणि पाठोपाठ बाकीच्यांनी.)

रुद्रचे पप्पा (ए-१०३): वहिनी, तुमच्या पोरीनं सोसायटीचं सांगितलं. आमच्या पठ्ठ्यानं घरचं सांगितलंय की.

मी (सी-२०३): काय हो?

रुद्रचे पप्पा: जाऊ दे.

श्लोकची आई: आता सांगा हो दादा. अर्धवट सोडू नका.

रुद्रचे पप्पा: बाईंनी एकेकाला विचारलं, तुझे पप्पा काय करतात? कुणाचे पप्पा दुकानात, कुणाचे यंत्रमागावर, एकाचे रेल्वेत. आमचा उभा राहिला. म्हणे, "माझे पप्पा साहेबांचा फोन आला की खोकतात."

साईचे डॅडी (सी-१०२): अरारारा.

रुद्रचे पप्पा: थांबा, पुढं हाय. बाई म्हणाल्या, बरं नाही का त्यांना? हा म्हणे, "फोन ठेवला की बरं वाटतं. मग आम्ही मॅच बघतो." आणि खोकूनपण दाखवला. सेम माझ्यासारखा, आधी थोडं थांबून, मग दोनदा.

मी: मग काय झालं त्यात? लहान मुलं बोलतात.

रुद्रचे पप्पा: साहेबांची पोरगी त्याच वर्गात हाय.

(इथे ग्रुप पाच मिनिटं शांत होता. लोक हसत होते की स्वतःच्या घरात काय काय बोललो ते आठवत होते, सांगता येणार नाही. आमच्याकडे दुसरा प्रकार चालू होता.)

रुद्रचे पप्पा: सोमवारी ऑफिसात गेलो. साहेब काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी निघताना टेबलावर खोकल्याचं औषध ठेवलेलं. वर चिठ्ठी, "मॅचच्या दिवशी दोन चमचे."

आप्पा (बी-१०१): साहेब माणूस चांगला आहे.

श्लोकची आई: आमचं ऐका. शाळेत प्रोजेक्ट होता, "माझ्या गावातील वास्तू". ह्यांनी भुईकोट किल्ला करायला घेतला. थर्माकोल, पुठ्ठा, भोवती खंदक, त्यात निळा जिलेटीन कागद. नवी पेठेतनं सामान आणलं, दोन रात्री जागले. मी म्हटलं अहो श्लोकला काहीतरी करू द्या. तर त्याला बुरुज मोजायचं काम दिलं, लांबून.

साईचे डॅडी: आणि शाळेत?

श्लोकची आई: बाई म्हणाल्या, अरे वा श्लोक, किती सुंदर केलास! हा म्हणाला, "हा पप्पांचा आहे. मी हात लावला की ते ओरडतात. बाई, तुम्हीपण लावू नका."

श्लोकचे पप्पा (सी-३०१): बुरूज ओले होते.

श्लोकची आई: शाळेत नेला तेव्हा वाळून चार दिवस झाले होते.

(नवरा-बायको एकाच घरात बसून ग्रुपवर भांडतात तेव्हा मधे कोणी पडू नये. साईच्या डॅडींनी शहाणपणानं विषय बदलला.)

साईचे डॅडी: आमच्या साईनं तर लग्नच लावलं. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेलो होतो, तिथं त्यांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला त्याला खांद्यावर घेतला. सम्मती कट्ट्यावर "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" झालं, लोकांनी अक्षता टाकल्या, पोरगं खूश. नंतर महिनाभरानं होटगी रोडला एका लग्नाला गेलो. चौथं मंगलाष्टक चालू होतं. भटजींनी श्वास घ्यायला गॅप सोडली. हा खुर्चीवर उभा राहून जोरात, "दिड्डम! दिड्डम!"

मी: मग?

साईचे डॅडी: मग काय, अर्ध्या मांडवानं अक्षता टाकल्या की! सोलापूरचे लोक. हात आपोआप उठला सगळ्यांचा. बँडवाल्यानं पण सुरू केलं. अंतरपाट धरणारे दोघं एकमेकाकडे बघत बसले. मुलीकडचे पुण्याचे होते, त्यांना वाटलं आपल्याकडं अशीच पद्धत आहे.

आप्पा: लग्न लागले का शेवटी?

साईचे डॅडी: लागलं आप्पा. भटजींनी परत पहिल्यापासून घेतलं. जेवायला अर्धा तास उशीर. सगळे मलाच बघत होते.

ओवीची आई: गड्ड्यावरून आठवलं. श्लोकच्या आई, बाराबंदीचं सांगा ना.

श्लोकची आई: नको, आज आमच्या घराचा कोटा संपला. तुम्हीच सांगा.

ओवीची आई: वेशभूषा स्पर्धा. श्लोक नंदीध्वजवाला झालेला, यात्रेत उंच नंदीध्वज घेऊन चालतात तसला. पांढरी बाराबंदी, म्हणजे बंद बांधायचा अंगरखा, खाली धोतर, डोक्यावर फेटा, हातात काठीला फुगे बांधून केलेला नंदीध्वज. नंबर यायच्या आधी याला शू लागली. सेविका मावशी धावत घेऊन गेल्या. त्यांनी घाईघाईत एक एक करत बाराबंदीचे सगळे बंद सोडले. सगळे! आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की अडचण खालच्या धोतरात आहे.

रुद्रचे पप्पा: मग वेळेत झालं का?

श्लोकची आई: पुढचं सांगायचं नाही असं ठरलंय आमचं.

रुद्रचे पप्पा: आमचा त्याच दिवशी डॉक्टर कोटणीस झालता. पांढरा कोट, गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप.

चेअरमन काका: उत्तम निवड. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. जन्म १९१०. १९३८ साली चीनला गेले, युद्धातील जखमी सैनिकांची सेवा केली, १९४२ साली तिथेच निधन. वय अवघे ३२. भैय्या चौकात स्मारक आहे, मुलांना दाखवून आणावे.

रुद्रचे पप्पा: हो काका, हेच सगळं हिनं पाठ करून घेतलं होतं आठवडाभर. स्टेजवर गेला, "मी डॉक्टर कोटणीस. मी चीनला गेलो." आणि गप्प. पुढचं विसरला. बाईंनी मदत म्हणून विचारलं, डॉक्टर, तुम्ही चीनला का गेलात? तर म्हणे, "मम्मीनं सांगितलं म्हणून."

(मला विचाराल तर पहिला नंबर याच उत्तराला द्यायला हवा होता. तो गेला झाशीच्या राणीला. ती काहीच बोलली नाही, नुसती रडली. पण पाठीला बांधलेली बाहुली खरी वाटत होती.)

एवढ्यात ते झालं.

मॅडम (ए-२०१): सगळं वाचतेय हं मी. नमस्कार.

आता हे समजून घ्या की ए-२०१ मधल्या मॅडम म्हणजेच पोरांच्या बालवाडीच्या बाई. गेल्या दिवाळीत राहायला आल्या, ग्रुपवर कधी बोलत नाहीत, म्हणून त्या ग्रुपवर आहेत हेच लोक विसरले होते. पुढच्या मिनिटात पडद्यावर एकाखाली एक "हा मेसेज डिलीट केला गेला" अशी रांग लागली. श्लोकच्या पप्पांनी तर ओल्या बुरुजांचाही मेसेज काढला.

मॅडम: काढू नका हो. हे सगळं मी तिथे समोर उभी राहून ऐकलंय.

रुद्रचे पप्पा: मॅडम, ते खोकल्याचं...

मॅडम: पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.

ओवीची आई: मॅडम, पण मुलं सगळं का सांगतात हो? घरी मी ओवीला बजावते, हे बाहेर बोलायचं नाही. ती "हो" म्हणते आणि तेच बोलते.

मॅडम: कारण सगळ्यात लहानांना "बाहेर" म्हणजे काय तेच नीट कळलेलं नसतं. एक गंमत करून बघा. मी वर्गात केली होती. शेंगा चटणीचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, चित्र असलेला. आत खडू ठेवले. पोरांना विचारलं, आत काय? सगळे, "चटणी!" उघडून दाखवलं, खडू. परत झाकण लावलं. ओवी तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेली होती. विचारलं, आता ओवी आली आणि तिनं हा बंद डबा बघितला, तर ती काय म्हणेल आत काय आहे?

मी: चटणीच म्हणेल की.

मॅडम: तुम्ही मोठ्या आहात म्हणून. तीन-साडेतीन वर्षांचं पोर म्हणतं, "खडू." आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊकच, असं त्याच्या डोक्यात असतं. मग गुपित कशाचं ठेवणार? चार-पाच वर्षांच्या आसपास उमगायला लागतं की समोरच्याच्या डोक्यात वेगळं असू शकतं. हा प्रयोग माझा नाही हं, १९८० च्या दशकात परदेशात चॉकलेटच्या डब्यात पेन्सिल ठेवून केलेला आहे. आम्ही चटणीवर भागवलं.

साईचे डॅडी: म्हणजे पाच वर्षांनंतर पोरं गप्प बसतात?

मॅडम: नाही. मग ती मुद्दाम सांगतात.

ओवीची आई: आणि ओवी आत आल्यावर काय म्हणाली?

मॅडम: डबा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाली, "हा नीट धुतलेला नाही."

(ही मुलगी चौदा वर्षांनी आमची चेअरमन होणार. लिहून ठेवा.)

ओवीची आई: मॅडम, आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगते. ओवी घरी शाळा-शाळा खेळते. सोफ्यावर उशा ओळीनं मांडते. तिच्या आजोबांनाही बसवते, शेवटच्या बाकावर. मग म्हणते, "हाताची घडी, तोंडावर बोट. आता बाई दाराच्या मागं जाऊन चहा पिणार आहेत. कोणी मुख्याध्यापक बाईंना सांगायचं नाही."

रुद्रचे पप्पा: ओहोहो.

ओवीची आई: मग दाराच्या मागं जाते आणि "फुर्र" करून आवाज काढते. आणि बाहेर येऊन पदर सारखा करते. टॉवेलचा.

मॅडम: मुख्याध्यापक बाई या ग्रुपवर नाहीत ना?

चेअरमन काका: नाहीत. पण त्यांच्या जाऊबाई सी-विंगमध्ये भाड्याने राहतात.

("मॅडम टाइप करत आहेत" असं बराच वेळ दिसत राहिलं. मेसेज आला नाही.)

साईचे डॅडी: मॅडम, कडक भाकरीचं काय करायचं ते सांगा. नानम्मानं, म्हणजे त्याच्या आजीनं, मंगळवेढ्याच्या ज्वारीची केली होती, ती खाताना साईचा पुढचा दात पडला. वर्गात टाळ्या वाजवल्या म्हणे.

मॅडम: दात पडला की आम्ही टाळ्या वाजवतोच, पोर घाबरू नये म्हणून. पण आता वर्गातल्या निम्म्यांना डब्यात कडक भाकरीच हवी आहे. अजून दात हलतही नाहीत त्यांचे. एक जण रोज चावतो आणि रोज बोट घालून बघतो.

श्लोकची आई: तरीच! मी म्हटलं पोळी का परत येतेय.

आप्पा: माझी नात पण लहान आहे

आप्पा: तिने डॉक्टरकडे

आप्पा: चुकून गेला मेसेज

अन्वीची आई (बी-१०१): आप्पा, थांबा, मी सांगते. तुम्ही सांगितलंत तर अर्धंच सांगाल. आप्पांना शुगर आहे हे सगळ्यांना माहीत आहे. रोज संध्याकाळी अन्वीला घेऊन फिरायला जातात. औषध वेळेवर, जेवण मोजून, तरी रिपोर्ट वाढलेलाच. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, गोड काही खाता का? आप्पा म्हणाले, छे, वर्षभर जिभेला लागलं नाही. मांडीवर अन्वी बसलेली. डॉक्टरांनी गंमत म्हणून तिला विचारलं, काय गं, खरं का?

मी: आणि तिनं सांगितलं.

अन्वीची आई: नाही! तीच तर मजा. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. मला जिलबी मिळते न सांगण्याची."

आप्पा: अर्धीच देत होतो.

अन्वीची आई: आप्पा, तुम्ही अर्धी म्हणता, ती बोटं दाखवून दोन म्हणते.

आप्पा: ती लहान आहे तिला मोजता येत नाही

मॅडम: आप्पा, अन्वीला वीसपर्यंत येतं. परवाच घेतलंय.